ॲलर्जी, पित्त की नुसतं न मानवणं? खाण्याच्या त्रासाबद्दल नीट बोलूया

जाईजुई
नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. मागच्या आठवड्यात मुलाच्या वर्गातल्या पालकांच्या ग्रुपवर एक संभाषण झालं आणि मग राहवलं नाही. एक आई म्हणाली, "माझ्या मुलीलाही ॲलर्जी आहे हो. दूध प्यायली की पोट दुखतं. पण मी थोडं थोडं देतेच. तुम्हीपण चिमूट चिमूट कूट देत जा, सवय होईल." तिने अगदी काळजीने सांगितलं होतं. पण तिच्या मुलीचं पोट दुखतं आणि माझ्या मुलाचा शेंगदाण्याने श्वास अडकतो, आणि दोन्हीला आपण एकच शब्द वापरतो.

आधी आमचं सांगते. मुलगा चौदा महिन्यांचा होता. घरी चतुर्थी होती. साबुदाण्याच्या खिचडीचा एक घास, तोही बोटाने कुस्करून, सासूबाईंनी त्याला भरवला. चार-पाच मिनिटांत हनुवटीवर लाल गांध्या उठल्या, मग ओठ सुजले. आमच्याकडे अंगावर असं काही उठलं की "पित्त उठलं" म्हणतात आणि आमसुलाचं पाणी लावतात. तेच सुरू केलं. तेवढ्यात तो भडाभडा ओकला आणि खोकायला लागला. तो खोकला मी विसरू शकत नाही, कोरडा, भुंकल्यासारखा. नंतर एकदम मलूल झाला, मान टाकली. दिरांनी गाडी काढली म्हणून दहा मिनिटांत दवाखाना गाठला. तिथे मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिल्यावर रंग परत आला.

याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात हे मला त्या रात्री कळलं. आणि पित्त, आमसूल यांत गेलेली ती सहा-सात मिनिटं मला अजून टोचतात.

दुसरी टोचणारी गोष्ट म्हणजे, त्याला तान्हेपणापासून गालांवर आणि कोपरांच्या लवणीत जोरदार एक्झिमा, म्हणजे लाल, कोरडे, खाजरे चट्टे, होता. म्हणून आम्हाला दवाखान्यात सांगितलं होतं की शेंगदाणे, अंडं, सुकामेवा तीन वर्षं दाखवूसुद्धा नका. आम्ही तंतोतंत पाळलं. नंतर वाचायला लागले तेव्हा कळलं की हा सल्ला कधीच मागे घेतला गेला होता. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली असंच काहीसं (अंडं दोन वर्षं, शेंगदाणे-सुकामेवा तीन) सांगितलं होतं हे खरं, पण २००८ मध्ये त्यांनीच तो बदलला, कारण थांबून फायदा होतो याला पुरावाच मिळाला नाही.

त्याच वर्षी लंडनच्या संशोधकांनी एक साधी पण विलक्षण तुलना छापली. ब्रिटनमधली ज्यू मुलं आणि इस्रायलमधली ज्यू मुलं. वंश जवळपास सारखा. ब्रिटनमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी १.८५ टक्के मुलांना, इस्रायलमध्ये फक्त ०.१७ टक्के. फरक कुठे? इस्रायलमध्ये बाळं आठ-नऊ महिन्यांची असल्यापासून बांबा नावाचा शेंगदाण्याचा कुरकुरीत पण तोंडात विरघळणारा खाऊ खातात. ब्रिटनमध्ये त्या वयात शेंगदाणा द्यायचाच नाही असा दंडक होता.

त्यावरून त्यांच्यातल्याच गिडियन लॅक आणि सहकाऱ्यांनी 'लीप' नावाचा प्रयोग केला. एक्झिमा जोरात असलेली किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं, वय ४ ते ११ महिने. निम्म्यांना आठवड्यातून तीनदा तरी शेंगदाणा द्यायचा, निम्म्यांना पाच वर्षं अजिबात नाही. २०१५ मध्ये निकाल आला: न खाणाऱ्यांत १७.२ टक्के मुलांना ॲलर्जी, खाणाऱ्यांत ३.२ टक्के. हीच मुलं किशोरवयात आल्यावर परत तपासली, त्याचा निकाल २०२४ मध्ये आला, तेव्हाही फरक टिकून होता.

माझा मुलगा २०१५ च्या निकालानंतर दोन वर्षांनी जन्मला. म्हणून कोणावर राग धरून बसले नाहीये, पण दुसऱ्या कोणाचं असं होऊ नये असं मनापासून वाटतं. तुमचे अनुभव लिहा. आणि लिहिताना त्रास नक्की काय होतो, किती वेळात होतो, हे जरूर लिहा. सगळा भेद तिथेच कळतो.

रेवंडीकर
ताई, वाचताना काटा आला. मुलगा आता बरा आहे ना?

माझा अनुभव उलट्या बाजूचा आहे. मी मालवणकडचा, मासे म्हणजे जेवण. चारेक वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर बांगड्याचं तिखलं खाल्लं आणि अर्ध्या तासात तोंड, मान लालभडक, डोकं ठणकतंय, छातीत धडधड, जुलाब. घरच्यांनी निदान केलं: माशाची ॲलर्जी. मी दोन वर्षं मासा तोंडात घातला नाही. मुंबईहून गावी गेलो की सगळे सुरमई खाताहेत आणि मी वरणभात.

मग ठाण्याला एका ॲलर्जीतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "त्या दिवशी पंगतीत अजून कोणाला झालं?" मला आठवलं, मेव्हण्याचाही चेहरा लाल झाला होता आणि तो म्हणाला होता तिखट जास्त पडलंय. डॉक्टर हसले, म्हणाले एकाच जेवणात दोघांना एकदम माशाची ॲलर्जी होत नाही. बांगडा, कुपा, तारली यांच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असतं. मासा बर्फाशिवाय पडून राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामीन करतात. ॲलर्जीत आपलंच शरीर जे हिस्टामीन सोडतं, ते इथे ताटातूनच येतं. आणि एकदा तयार झालं की ते शिजवून, तळून, काही करून जात नाही. वासही नेहमी येतोच असं नाही.

त्वचेची चाचणी निगेटिव्ह आली, मग त्यांच्यासमोर बसून बांगडा खाल्ला. काही झालं नाही. त्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

पण हेही सांगतो: माझ्या मावशीला कोलंबीची खरी ॲलर्जी आहे. घरात सुकट भाजली तरी तिला धाप लागते, खाणं दूरच. कोलंबी, चिंगूळ, कुर्ल्यांत ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन असतं, तसंच धुळीतल्या किड्यांत आणि झुरळांतही असतं. म्हणून धुळीची ॲलर्जी असणाऱ्या काहींना कोलंबीही बाधते. तिच्यासमोर "थोडं खाऊन बघ" म्हणणारा माणूस मी घरातून बाहेर काढीन.

विदर्भकन्या
चांगला धागा आहे. मी आता एकाहत्तरची. तुम्हा मुलींना दुखवायचं नाही, पण मनातलं विचारते. आमच्या वेळी वाड्यात तीसेक मुलं होती, शेंगदाण्याच्या पोत्यावर बसून खायची. कोणाला असं काही झाल्याचं मला आठवत नाही. आता प्रत्येक घरात एकाला तरी ॲलर्जी. माझ्या नातीचा तर रक्ताचा रिपोर्ट आलाय, बावीस पदार्थ लाल अक्षरांत. गहू, दूध, तूरडाळ, केळं, टमाटा, काय काय. सून बिचारी रडकुंडीला आलीय की पोरीला खायला काय द्यावं. हे सगळं खरंच असतं का?

जाईजुई
काकू, तुम्ही विचारलंत ते फार बरं झालं. दुखावण्याचा प्रश्नच नाही. तुमचं निरीक्षण खोटं नाहीये. खरी अन्नाची ॲलर्जी आपल्याकडे ब्रिटन-अमेरिकेपेक्षा कमीच दिसते. कर्नाटकात मोठ्या माणसांचा एक मोठा अभ्यास झाला, २०१६ मध्ये छापून आला. त्यात रक्ततपासणीत कुठल्या ना कुठल्या पदार्थाला 'पॉझिटिव्ह' आलेले लोक २६.५ टक्के. आणि तो पदार्थ खाऊन खरोखर त्रास होणारे? १.२ टक्के. मधली सगळी माणसं तो पदार्थ मजेत खातात. म्हणजे नुसत्या कागदावर भरवसा ठेवला तर चारातल्या एकाला उपाशी ठेवावं लागेल.

नातीला ते बावीस पदार्थ खाऊन प्रत्यक्षात काय होतं? आणि रिपोर्टवर 'आयजीई' लिहिलंय की 'आयजीजी'? ही रक्तातली दोन वेगळी प्रतिपिंडं आहेत, झटकन येणाऱ्या ॲलर्जीशी संबंध आयजीईचा. तेवढं बघून सांगा.

विदर्भकन्या
सुनेला विचारलं. 'आयजीजी' लिहिलंय. त्रास म्हणजे सर्दी वारंवार होते आणि जेवत नाही नीट. घरी येऊन रक्त घेऊन गेले होते, आठ-नऊ हजार घेतले.

पोषणवाट
काकू, मी आहारतज्ज्ञ आहे, पुण्यात पंधरा वर्षं काम करते. तुमचा प्रतिसाद वाचून हातातलं काम बाजूला ठेवून लिहितेय.

ती तपासणी ॲलर्जी दाखवत नाही. आपण जे खातो त्याच्याविरुद्ध आयजीजी बनणं हे निरोगी शरीराचं नेहमीचं काम आहे. उलट एखादा पदार्थ शरीराने स्वीकारला याची ती बऱ्याचदा खूण असते. म्हणून मूल जे रोज खातं तेच लाल अक्षरांत येतं: गहू, दूध, तूरडाळ. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या अकादमीने २००८ मध्येच स्पष्ट लिहिलं की अन्नाच्या त्रासाच्या निदानासाठी ही तपासणी वापरू नये. कॅनडा आणि अमेरिकेच्या संघटनांनीही तेच सांगितलंय. तरी पाकिटं विकली जातात.

माझ्याकडे गेल्या वर्षी सहा वर्षांचा एक मुलगा आला होता. असाच रिपोर्ट. आईने दीड वर्ष दूध, दही, पोळी, डाळ, अंडं सगळं बंद केलेलं. वाढीच्या तक्त्यावर त्याची रेघ सरळ खाली आलेली, हाताचे दंड माझ्या दोन बोटांच्या पकडीत मावतील एवढे. त्याला ॲलर्जी कशाचीच नव्हती. आई एवढी कष्टाळू, सकाळी पाचला उठून तांदळाचे वेगवेगळे पदार्थ करायची. तिच्यासमोर मला हे सांगणं फार जड गेलं. नातीचं दूध-डाळ आजच सुरू करा असं मी इथून म्हणणार नाही, पण तिच्या बालरोगतज्ज्ञांना हा रिपोर्ट दाखवा आणि विचारा. फार दिवस काढू नका.

खरी कसोटी एकच: डॉक्टरांच्या देखरेखीत तो पदार्थ खाऊन बघणं. अमेरिकेतल्या चार्ल्स मे यांनी १९७६ मध्ये ही पद्धत नीट घालून दिली. पदार्थ दुसऱ्या कशात तरी लपवायचा, कधी खरा द्यायचा कधी नकली, आणि कोणता कधी दिला हे पेशंटलाही माहीत नाही नि समोरच्या डॉक्टरलाही नाही. असं केलं की "मला अमुक सोसत नाही" म्हणणाऱ्या अनेकांना काहीच होत नाही असं निघतं. ते खोटं बोलत नसतात, त्रास खरा असतो. कारण दुसरं असतं.

आता दुधाचं, कारण याच्यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

दुधाची ॲलर्जी ही दुधातल्या प्रथिनांची. बहुधा तान्हेपणीच दिसते. गांध्या, ओकारी, कधी शीमधून रक्त. थेंबभर दुधानेही होऊ शकते. यातली बरीच मुलं शाळेत जाईपर्यंत त्यातून बाहेर पडतात. लॅक्टोज न पचणं हे अगदी वेगळं. लॅक्टोज ही दुधातली साखर. ती पचवणारं लॅक्टेज बहुतेक माणसांत मोठेपणी कमी होत जातं. ते कमी होणं हा आजार नव्हे, माणसाच्या शरीराची मूळ चालच तशी आहे. ज्यांच्या पूर्वजांनी हजारो वर्षं गुरं पाळली त्यांच्यातल्या अनेकांत ते टिकून राहिलं. भारतातल्या लोकांत त्यासाठी जो जनुकीय बदल सापडतो तो युरोपातल्यासारखाच आहे, हे २०१२ च्या अभ्यासात दिसलं. १९८१ च्या एका भारतीय अभ्यासात दिल्लीकडच्या २७.४ टक्के लोकांत लॅक्टेज कमी होतं, दक्षिणेकडच्या लोकांत ६६.६ टक्के. हे माणसागणिक बदलतं, म्हणून एकाच घरात सासऱ्यांना पेलाभर दूध पचतं आणि सुनेचं पोट गुडगुडतं.

आणि लॅक्टोज न पचणाऱ्यालाही साधारण एक कप दूध, म्हणजे बारा ग्रॅम लॅक्टोज, जेवणाबरोबर घेतलं तर बहुतेक वेळा चालतं. दही तर आणखी बरं, विरजणातले जिवाणू लॅक्टोज पचवायला मदत करतात. तेव्हा पोट बिघडतं म्हणून ताक-दही सोडणाऱ्यांनो, कृपा करून सोडू नका.

पण ज्या बाळाला दुधाची ॲलर्जी आहे त्याला यातलं काही लागू नाही. बकरीचं दूध द्या, देशी गाईचं ए-टू द्या, असं जो तो सांगतो. बकरीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधाशी इतकी मिळतीजुळती असतात की दहातल्या नऊ मुलांना तीही बाधतात. ए-टू दुधात एका प्रथिनाचा एक छोटा तुकडा वेगळा असतो, बाकी दूध तेच. म्हशीचंही तेच. तुपातही प्रथिनाचा अंश राहतो. हे मी मुद्दाम ठासून सांगतेय, कारण बकरीचं दूध पाजल्यामुळे दवाखान्यात आलेलं बाळ मी पाहिलंय.

विदर्भकन्या
बाई, देव तुझं भलं करो. सुनेला हे सगळं वाचून दाखवलं. उद्या दवाखान्यात जातो.

भाकरतुकडा
माझा विषय गहू. मी संभाजीनगरला असते, वय ३६. दहा वर्षं हिमोग्लोबिन आठच्या वर जात नव्हतं. लोहाच्या गोळ्या, बीट, खजूर, गूळ, सगळं झालं. गोळ्या खाल्ल्या की उतारा नाही, उलट "तुम्ही गोळ्या घेतच नाही" असं ऐकून घ्यायचं. पोटाचा त्रास म्हणाल तर थोडा गॅस, बाकी काही नाही. म्हणून कोणाच्या डोक्यात आलं नाही. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी सिलिॲक या गव्हाशी जोडलेल्या आतड्याच्या आजाराची तपासणी सांगितली.

आणि तिथे मी चूक केली. तपासणी सांगितल्यावर नेटवर वाचलं आणि दुसऱ्या दिवसापासून पोळी बंद. बरंही वाटायला लागलं. दोन महिन्यांनी रक्त दिलं तर रिपोर्ट निगेटिव्ह. ही तपासणी गहू खात असतानाच करावी लागते, कारण ज्या प्रतिपिंडांचा शोध घ्यायचा ती गहू बंद केल्यावर ओसरतात. मग परत सहा आठवडे रोज पोळ्या खाल्ल्या, रडत खाल्ल्या, आणि मग रक्त आणि आतड्याचा तुकडा तपासून निदान झालं. कोणी या वाटेवर असाल तर आधी तपासणी, मग पथ्य.

सिलिॲक ही ॲलर्जीही नाही. गहू, जव, राय यांतल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते, अस्तर सपाट होतं, मग लोह शोषलं जाणार कुठून? हे गव्हामुळे होतं असा संशय विल्यम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञांना आधीपासून होता. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये पाव मिळेनासा झाला आणि लोक उपाशी असताना त्यांची ही आजारी मुलं मात्र सुधारली. पाव परत आला आणि मुलं परत आजारी पडली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खूप वेळ त्या मुलांचाच विचार करत बसले होते.

उत्तर भारतात हे जास्त आहे, दिल्लीच्या आसपास केलेल्या पाहणीत साधारण ९६ माणसांत एक. दक्षिणेत बरंच कमी. गव्हाची पोळी हे त्यातलं एक कारण. आपल्या आज्या ज्वारी-बाजरी खायच्या, त्यात ग्लूटेन नाही. नाचणी, वरई, राजगिरा, तांदूळ, सगळं चालतं.

पण चालतं म्हणून निवांत बसता येत नाही. गिरणीचं ऐका. मी ज्वारी घेऊन जायचे, आमच्या गिरणीवाल्या काकांचं जातं एकच. माझ्याआधी कोणाचे तरी गहू दळलेले असायचे. पहिलं किलोभर पीठ गव्हाचंच म्हणा ना. आठ महिने पथ्य करून रक्तातले आकडे उतरेनात, तेव्हा हे लक्षात आलं. आता घरी छोटी घरघंटी आहे, त्यात गहू जातच नाही. दुसरं म्हणजे हिंग. डबीवर नीट वाचा, बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. चिमूटभर हिंग रोजच्या फोडणीत, आणि मी मात्र पोळीला हात लावत नाही म्हणून समाधानात. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, सातू म्हणजे जवच. आता तांदळाच्या पिठातला हिंग मागवते. हिमोग्लोबिन सव्वाअकरा आहे. दहा वर्षांत पहिल्यांदा जिना चढून धाप लागली नाही.

कातळशिल्प
भाकरतुकडा, तुमचं वाचून एक विचारावंसं वाटलं. मला सिलिॲक नाही, तपासून झालं, पण पोळ्या खाल्ल्या की पोट टम्म फुगतं. भाकरीने नाही होत. मग माझ्या पोटाचं काय म्हणायचं?

पोषणवाट
मी सांगते. असे लोक खूप येतात, आणि "रिपोर्ट नॉर्मल आहे, मनाचे खेळ आहेत" असं ऐकून आलेले असतात. मनाचे खेळ नाहीत. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या गटाने २०१३ मध्ये अशाच लोकांना आधी पोटात वायू करणाऱ्या साखरा कमी असलेलं जेवण दिलं, त्यानेच बरं वाटलं, आणि मग त्यांच्या नकळत ग्लूटेन घातलं तरी नकली पदार्थापेक्षा वेगळा त्रास झाला नाही. २०१८ मध्ये नॉर्वेतल्या अभ्यासात ५९ जणांना लपवून ग्लूटेन, फ्रुक्टन किंवा नुसता नकली पदार्थ दिला. सगळ्यात जास्त त्रास फ्रुक्टनने झाला.

फ्रुक्टन म्हणजे गव्हातली, आणि कांदा-लसणातलीही, साखरेच्या कणांची एक प्रकारची साखळी. ती लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात जिवाणू तिचा वायू करतात. पोळीबरोबर कांदा-लसणाचं वाटण घातलेली उसळ असेल तर दोन्हीकडून भर पडते. तुम्ही पोळी ठेवून कांदा-लसूण तीन-चार आठवडे बंद करून बघा, आणि मग उलट करून बघा. रोज वहीत लिहा. पण हे पथ्य कायमचं नाही हां, कशाने होतं ते शोधून बाकीचं परत सुरू करायचं.

लेस्टरकर
इथे ब्रिटनमध्ये बसून वाचतोय. माझ्या मुलीला तिळाची ॲलर्जी. संक्रांत आली की मला धडकी भरते, कारण आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवात प्रत्येक काकू प्रेमाने हातावर तिळगूळ ठेवणार. आता मुलगी नऊ वर्षांची आहे, हात मागे घेऊन "मला नको, पण तुम्ही गोड बोला" असं म्हणायला तिला शिकवलंय.

इथे कायद्याने चौदा पदार्थांची नोंद लेबलवर ठळक करावी लागते, त्यात तीळ आहे आणि मोहरीही आहे. दुकानात बनवून तिथेच पाकिटात बांधलेल्या सँडविचवर मात्र पूर्ण यादी नसायची. २०१६ मध्ये नताशा एदनान-लापेरूज ही पंधरा वर्षांची मुलगी अशाच एका सँडविचमधल्या तिळामुळे गेली. तिच्या आई-वडिलांनी लढून कायदा बदलून घेतला, ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाला. अमेरिकेतही २०२३ पासून तिळाची नोंद सक्तीची आहे. भारतात काय नियम आहेत?

जाईजुई
दादा, अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे लेबलचे नियम आहेत. ग्लूटेन असलेली धान्यं, कोलंबी-खेकड्यांसारखे जीव, दूध, अंडी, मासे, शेंगदाणा आणि सुकामेवा, सोयाबीन आणि सल्फाइट, यांची नोंद पाकिटावर हवी. तीळ त्यात नाही. आणि हरभराही नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. कारण हरभऱ्याने ॲनाफिलॅक्सिस झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी १९९७ मध्येच आंतरराष्ट्रीय नियतकालिकात नोंदवलंय, आणि बेसन आपल्याकडे कशात नसतं? परदेशातल्या याद्या त्यांच्या खाण्यावरून झाल्या. आपली यादी आपल्या ताटावरून व्हायला हवी.

तुम्ही ॲड्रेनॅलिनची दोन पेनं, म्हणजे तयार भरलेली इंजेक्शनं, जवळ ठेवत असाल ना?

लेस्टरकर
कायम दोन. एक शाळेत वेगळं. भारतात आलो की तीही घेऊन येतो.

जाईजुई
इथे ती पेनं औषधाच्या दुकानात सहज मिळत नाहीत. आम्हाला डॉक्टरांनी ॲड्रेनॅलिनची कुपी, सिरिंज आणि त्याच्या वजनानुसार किती भरायचं ते लिहून दिलंय, आणि संत्र्यात पाण्याचं इंजेक्शन मारून मारून शिकवलंय. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत. डबीला लाल फीत बांधलीय, आजी-आजोबांपासून शाळेच्या बाईंपर्यंत सगळ्यांना माहितीय. आधी एक शाळा "आम्ही जबाबदारी घेणार नाही" म्हणाली, म्हणून शाळा बदलली.

एक गोष्ट ठळक लिहिते. सेट्रिझिनसारख्या गोळीने गांध्या आणि खाज कमी होते, पण अडकलेला श्वास आणि पडलेला रक्तदाब तिने सावरत नाही. खाल्ल्यावर गांध्यांबरोबर खोकला, घरघर, आवाज बसणं, वारंवार ओकारी किंवा मलूल होणं, यातलं काही असेल तर आधी ॲड्रेनॅलिन, मग बाकी सगळं. बरं वाटलं तरी दवाखान्यात थांबायचं, काही तासांनी परत उलटू शकतं.

उपचारही पुढे सरकलेत. शेंगदाण्याची पूड अगदी कणाकणाने वाढवत देण्याचा उपचार अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झाला. २०२४ मध्ये दम्यासाठी वापरतात त्या ओमालिझुमॅबला तिथे अन्नाच्या ॲलर्जीसाठी परवानगी मिळाली. अभ्यासात ते घेणाऱ्या ६७ टक्के जणांना ६०० मिलिग्रॅम शेंगदाणा प्रथिन सोसलं, नकली औषध घेणाऱ्यांत ७ टक्के. म्हणजे ॲलर्जी जाते असं नाही, चुकून एखादा दाणा पोटात गेला तर निभावतं. "चिमूट चिमूट कूट देत जा" म्हणणाऱ्या त्या आईचं म्हणणं या उपचाराच्या जवळचं वाटेल, पण तो दवाखान्यात, मिलिग्रॅम मोजून, इंजेक्शन हाताशी ठेवून करायचा असतो. स्वयंपाकघरात कधीही नाही.

पाचव्या वर्षी माझ्या मुलाची चाचणी झाली, दवाखान्यात. दुसऱ्याच मात्रेला गांध्या उठल्या. शेंगदाण्याच्या ॲलर्जीतून साधारण पाचातलं एक मूल बाहेर पडतं. आम्ही अजून त्या पाचातल्या चारांत आहोत.

ओलीमाती
पहिल्यांदाच लिहितेय. सगळा धागा रात्रभर वाचला. माझं बाळ सव्वापाच महिन्यांचं आहे, गालांवर आणि पायांवर एक्झिमा, मलम लावून तात्पुरता जातो. पुढच्या महिन्यात उष्टावण करायचं आहे. मालिशवाल्या मावशी रोज डाळीचं पीठ लावून आंघोळ घालतात. शेंगदाणा द्यावा की नको, मला आता काहीच कळत नाहीये. भीती वाटते.

जाईजुई
अगं, भीती वाटणं साहजिक आहे. बाळाचं वय वाचून मला सात वर्षांपूर्वीची मीच आठवले.

पहिलं, ते डाळीचं पीठ आजपासून बंद कर. लीपच्या मागे लॅक यांचा एक विचार आहे: अन्न पहिल्यांदा तोंडावाटे आलं तर शरीर त्याला आपलं म्हणतं, आणि एक्झिमाच्या फुटलेल्या त्वचेतून आलं तर शत्रू समजतं. २००३ मध्ये त्यांनीच दाखवलं होतं की शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या ब्रिटिश मुलांत, ज्यांच्या अंगाला शेंगदाण्याचं तेल असलेली मलमं लावली होती अशी मुलं जास्त होती. त्वचेवर कुठलंच धान्य, डाळ, दूध-साय नको. मॉइश्चरायझर भरपूर लाव आणि डॉक्टरांनी दिलेलं एक्झिमाचं मलम घाबरून अर्धवट सोडू नकोस.

दुसरं, शेंगदाणा घरी स्वतःहून सुरू करू नकोस. एक्झिमा जोरात असेल तर आधी ॲलर्जीची चाचणी करून मग ठरवतात. वेळ महत्त्वाची आहे, म्हणून उष्टावणाची वाट न बघता आत्ताच दाखव.

धाकट्या मुलीच्या वेळी आम्ही हेच केलं. चाचणी निगेटिव्ह आली. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर मऊ शेंगदाण्याचं बटर, साखर-मीठ न घातलेलं, कोमट पाण्यात पातळ कालवलं. पहिल्या दिवशी चमच्याच्या टोकाला लावून चाटवलं, दहा मिनिटं तिच्या तोंडाकडे टक लावून बसले. काही झालं नाही तेव्हा उरलेलं हळूहळू दिलं. मग आठवड्यातून तीनदा, दोन छोटे चमचे, नाचणी सत्त्वात मिसळून. अख्खा दाणा किंवा जाडसर कूट कधीच नाही, घशात अडकतं. मोठा शाळेत असतानाच द्यायचे, तिची वाटी-चमचा वेगळा, नंतर तिचं तोंड-हात धुवायचे, ओटा साबणाने पुसायचे आणि मगच त्याला आणायला जायचे. ती आता तीन वर्षांची आहे. आजीकडे गेली की दाण्याचा लाडू खाते.

ओलीमाती
ताई, थँक यू. मालिशवाल्या मावशींना सकाळीच सांगितलं, त्या जरा नाराज झाल्या पण ऐकलं. शनिवारी साडेदहाची वेळ मिळालीय, बालरोगतज्ज्ञांनी ॲलर्जीवाल्या डॉक्टरांकडे पाठवलंय. एक्झिमाचे फोटो तारखेसकट काढून ठेवलेत. चाचणीच्या आधी सर्दीची औषधं किती दिवस बंद ठेवायची ते फोनवर विचारायचं राहिलं, ते उद्या विचारते आणि इथे लिहिते.